बुंध्यावर ठेवलेली सफरचंदे कोण नेते?

पत्राचा सारांश : माझे माहेर नागपूरचे आणि सासर वेंगुर्ले तालुक्यातले. आम्ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या स्नोक्वाल्मी गावात राहतो. गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत माझ्या यजमानांनी जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर, अंधार पडता पडता, दोन पायांवर उभा असलेला काळसर, केसाळ आणि माणसाहून उंच प्राणी पाहिला. तो बिगफूटच, म्हणजे इथल्या जंगलांत राहतो असे लोक सांगतात तो केसाळ, माणसासारखा प्राणीच होता, याबद्दल त्यांना शंका नाही. तेव्हापासून दर शनिवारी ते त्या जागेजवळच्या एका कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर सफरचंदे, शेंगदाणे, कधी पीनट बटरची बरणी ठेवून येतात. पुढच्या वेळी खाऊ नाहीसा झालेला असतो आणि त्या जागी एखादा गुळगुळीत खडा, देवदारासारख्या झाडाचे बोंड, निळे पीस, एकदा हाडाचा तुकडा, एकदा बाटलीचे चकचकीत झाकण असे काहीतरी पडलेले असते. या ‘भेटी’ ते तारीख घालून एका डब्यात जपून ठेवतात. तिथे बसून ते मोठ्याने मालवणीत बोलतात आणि दुरून लाकडावर लाकूड आपटल्यासारखे उत्तर येते, असे सांगतात. नोकरी व्यवस्थित चालू आहे, घरात भांडण नाही. मात्र आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला आता बाबांबरोबर जायचे आहे. माझा भाऊ म्हणतो, ‘गुपचूप कॅमेरा लाव आणि त्यांचा भ्रम मोडून टाक.’ यांना वेड लागले आहे का? मुलीला पाठवू का? आणि सासूबाईंना हे सांगू की नको?

उत्तर :

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. तुम्ही जे लिहिले आहे, त्यात तुमच्या यजमानांना वेड लागल्याचे एकही चिन्ह मला दिसत नाही. त्यांनी डोळ्यांनी काहीतरी पाहिले, हे खरे आहे. बुंध्यावरचा खाऊ जातो आणि तिथे दुसरी वस्तू सापडते, हेही खरे आहे, कारण त्या वस्तू तुमच्या घरातल्या डब्यात आहेत. तपासायचे आहे ते एवढेच, की या देवाणघेवाणीतला पलीकडचा पक्ष कोण. त्यांनी त्याला बिगफूट हे नाव दिले आहे आणि तुम्ही ज्या भागात राहता तिथे ते नाव हवेतच आहे. सेंट हेलेन्स पर्वताजवळच्या एका दरीत केसाळ प्राण्यांनी आपल्या झोपडीवर रात्रभर दगड फेकले, असे खाणकामगारांनी १९२४ साली सांगितले होते. त्याच राज्यातल्या स्कामेनिया काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) १९६९ साली बिगफूटला मारणाऱ्यास १०,००० डॉलर दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद ठरवणारा नियम केला होता, आणि १९८४ साली तो सौम्य केला. उत्तरेला कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूळ निवासी समाजांच्या परंपरेत तर अशा अस्तित्वाला जुने आणि आदराचे स्थान आहे. अशा प्रदेशात राहणाऱ्या माणसाने अंधुक उजेडात उंच, काळी आकृती पाहिली, तर त्याच्या तोंडी हेच नाव येणार. आपल्या लष्करानेही २०१९ च्या एप्रिलमध्ये हिमालयातील मकालू शिखराच्या तळाजवळ बर्फात उमटलेल्या लांब ठशांची छायाचित्रे यती या हिममानवाच्या पाऊलखुणा म्हणून जाहीर केलीच होती.

देवाणघेवाणीचा दावा करणारेही तुमचे यजमान पहिले नव्हेत. सर्वांत गाजलेला दावा आल्बर्ट ऑस्टमन या लाकूडतोड्याचा आहे. १९२४ साली ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील टोबा इनलेट भागात आपल्याला झोपण्याच्या पिशवीसकट उचलून नेले, चार जणांच्या केसाळ कुटुंबात काही दिवस ठेवून घेतले, आणि त्यातल्या थोराडाने आपली तंबाखूची अख्खी डबी खाऊन टाकल्यामुळे तो आजारी पडला तेव्हा आपण निसटलो, असे त्याने सांगितले, पण तेही ३३ वर्षांनी, १९५७ साली. त्यानंतरच्या काळात जंगलालगत राहणाऱ्या अनेकांनी फळे, मासे, काचेच्या गोट्या ठेवून त्या बदल्यात खडे, पिसे आणि विणल्यासारख्या दिसणाऱ्या काटक्या मिळाल्याचे सांगितले आहे. टेनेसी राज्यातल्या एका कुटुंबाने तर अशा प्राण्यांशी पन्नास वर्षांचा शेजार असल्याचा आणि त्यांच्याशी शब्दांचीही देवाणघेवाण झाल्याचा दावा केला. यातले बहुतेक लोक फसवणूक करणारे नाहीत, असे मी मानते. त्यांच्या वर्णनांत जिव्हाळा आहे, काळजी आहे, आणि पुष्कळदा आयुष्यात दुसरीकडे न मिळालेली सोबतही आहे. परंतु एवढ्या वर्षांच्या एवढ्या शेजारातून तपासणीला टिकेल असा एक केस, एक दात किंवा एक हाड बाहेर आलेले नाही, हेही त्यांच्याविषयी तितक्याच आदराने सांगावे लागते.

आता संध्याकाळच्या त्या दर्शनाविषयी. तुमच्या डोंगरात काळी अस्वले मोठ्या संख्येने आहेत. अस्वल वास घेण्यासाठी किंवा दूरवरचे पाहण्यासाठी मागच्या पायांवर उभे राहते आणि कधीकधी तसेच चार पावले टाकतेही. बिगफूट दिसल्याच्या नोंदी ज्या प्रकारच्या जंगलांतून येतात ती जंगले आणि काळ्या अस्वलांची वस्ती यांचा नकाशा जवळजवळ एकच आहे, हे २००९ सालच्या एका अभ्यासाने दाखवले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, लोकसंख्या आणि जंगलाचे क्षेत्र हिशेबात घेऊनही, जिथे अस्वले जास्त तिथे बिगफूटच्या नोंदी जास्त, असेच आढळले. तुमच्या यजमानांनी त्या दिवशी अस्वलच पाहिले, असे मी इतक्या दुरून ठामपणे म्हणणार नाही. मात्र पानगळीचे दिवस म्हणजे शीतनिद्रेपूर्वी अस्वले दिवसरात्र खात फिरतात तेच दिवस असतात, ही गोष्ट त्यांना नक्की सांगावी.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तुमच्या घरातला डबा. त्यातली यादी तुम्ही मनापासून आणि बारकाईने लिहिली आहे, आणि ती वाचताना तुमच्याच डोंगरात राहणारा एक खरा प्राणी डोळ्यांसमोर उभा राहतो. झुपकेदार शेपटीचा हा रानउंदीर पॅकरॅट या नावाने ओळखला जातो. शेपटीमुळे तो खारीसारखा दिसतो, कपारीत किंवा पडक्या खोपटात राहतो आणि रात्री बाहेर पडतो. बिळाशी काटक्या, हाडे, बोंडे, पिसे, पत्र्याचे तुकडे यांचा ढीग रचणे हा त्याचा स्वभाव आहे. तोंडात एखादी वस्तू धरून जाताना वाटेत दुसरी अधिक हवीशी वस्तू दिसली, की तो पहिली तिथेच टाकतो आणि दुसरी उचलून निघून जातो. तोंड एकच असल्यामुळे त्याला दुसरा मार्गच नसतो! माणसाला मात्र सकाळी दिसते ते असे, की आपली वस्तू गेली आणि कोणीतरी त्या जागी दुसरी वस्तू मोजून मापून ठेवली. म्हणूनच अमेरिकेतले जुने खाणकामगार आणि शिबिरवासी त्याला अदलाबदल करणारा उंदीर म्हणत आले आहेत. त्याने रचलेले ढीग मूत्राने चिकटून दगडासारखे घट्ट होतात आणि कोरड्या प्रदेशात हजारो वर्षे टिकतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात असे ४०,००० वर्षांपूर्वीचे ढीगही सापडले आहेत आणि त्यांत जपून राहिलेल्या पानांवरून शास्त्रज्ञ प्राचीन काळचे हवामान अभ्यासतात. तुमच्या यजमानांच्या डब्यातले हाड, बोंड आणि चकचकीत झाकण या प्राण्याच्या आवडीनिवडीशी इतके जुळते, की माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे.

निळे पीस आणि खडा यांच्यासाठी आणखी उमेदवार आहेत. तिथल्या जंगलातला ‘जे’ नावाचा निळा पक्षी शेंगदाण्यांवर तुटून पडतो आणि जिथे खातो तिथे त्याची पिसेही गळतात. कावळ्यांविषयी तर तुमच्याच भागात मोठे काम झाले आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांत कावळे माणसाचा चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात, असे दिसून आले. सिएटलमधील एका लहान मुलीने कावळ्यांना रोज शेंगदाणे घातले आणि कावळ्यांनी तिच्यासाठी मणी, बटणे, धातूचे तुकडे आणून टाकले, ही बातमी २०१५ साली जगभर वाचली गेली होती. पीनट बटरच्या बरणीचे झाकण फिरवून उघडलेले सापडत असेल, तर रॅकून या तिथल्या लहान रानटी प्राण्याचे पुढचे पंजे ते काम सहज करू शकतात. राहिला लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. मोठे सुतारपक्षी, वाऱ्याने एकमेकांवर आदळणारी खोडे, आणि बिगफूटला साद घालण्यासाठी मुद्दाम झाडांवर दांडके मारत फिरणारी माणसे, हे तिन्ही तुमच्या जंगलात आहेत. दोन शोधपथकांनी एकमेकांच्या ठोक्यांना उत्तर समजावे, हे सहज घडण्यासारखे आहे.

तुमच्या भावाने सुचवलेला गुपचूप कॅमेरा मात्र लावू नका. त्यात उंदीर दिसला तरी यजमानांना दिसेल ते एवढेच, की बायकोने आपल्यावर पाळत ठेवली. आणि काहीच दिसले नाही, तर बिगफूट कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश ओळखून दूर राहतो, हे स्पष्टीकरण त्यांना तयार मिळेल, कारण श्रद्धाळू मंडळींत ते फार पूर्वीपासून रूढ आहे. त्याऐवजी त्यांच्याशी उघडपणे बोला. ते तारीख घालून वस्तू जपतात, याचा अर्थ पुराव्याची कदर त्यांना आहे. त्यांना म्हणा, की ‘तुम्ही एवढी नोंद ठेवता, तर आपण दोघे मिळून ती पुरती करू.’ हालचाल होताच चित्र टिपणारे दोन कॅमेरे, एक बुंध्यावर रोखलेला आणि दुसरा थोड्या अंतरावरून पहिल्या कॅमेऱ्यासकट सगळी जागा टिपणारा, असे त्यांच्याच हातांनी लावू द्या. तत्पूर्वी त्या जमिनीवर कॅमेरा लावण्यास परवानगी लागते का, हे चौकशी करून पाहा. खाऊ अजिबात न ठेवता एक-दोन निरुपद्रवी, खूण केलेल्या वस्तू ठेवाव्यात, उदाहरणार्थ काचेची गोटी, आणि प्रयोग संपल्यावर जे उरेल ते परत आणावे. कॅमेरे लावण्यापूर्वी एका कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरांत लिहावे, की काय दिसले तर माझे मत बदलेल आणि काय दिसले तर बदलणार नाही. हा कागद मला कॅमेऱ्यांपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण निकाल आल्यानंतर अटी बदलण्याचा मोह प्रत्येकाला होतो, तुम्हालाही होईल.

ते डब्यातला एखादा केस किंवा हाड दाखवून ‘मग हे काय?’ असे विचारतील, तेव्हा वाद न घालता तपासणीचा इतिहास त्यांच्यापुढे ठेवा. बिगफूट हे नाव वर्तमानपत्रांतून पसरले ते १९५८ साली, उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे रस्त्याच्या कामावर सापडलेल्या प्रचंड ठशांमुळे. २००२ साली त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस वारला, तेव्हा ते ठसे लाकडी पावलांनी उमटवले होते, असे त्याच्या कुटुंबीयांनी जाहीर केले. १९७० च्या दशकात एफबीआयकडे तपासणीसाठी आलेले केस हरणाच्या कुळातले निघाले. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी जगभरातून आलेल्या अशा केसांचे जनुकीय विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध केले, त्यात अस्वल, घोडा, गाय, कुत्रा, रॅकून, माणूस असे ओळखीचेच प्राणी निघाले. साइक्स यांनी तपासणीसाठी नमुने पाठवण्याचे जाहीर आवाहन केले होते आणि श्रद्धाळूंची थट्टा न करता प्रत्येक नमुना गंभीरपणे हाताळला होता. तुम्हीही तसेच वागा.

इथपर्यंत मी जे लिहिले त्यात मतभेदाला जागा आहे. पुढचे मात्र तुम्ही दोघांनीही पाळलेच पाहिजे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जंगलात खाऊ ठेवणे आजपासून बंद व्हावे. बुंध्यावर बिगफूट येत असो वा नसो, सफरचंदे आणि पीनट बटर यांच्या वासाने अस्वल येणारच, आणि माणसाच्या वासाबरोबर अन्न मिळते हे एकदा शिकलेले अस्वल पुढे लोकवस्तीत शिरते आणि बहुधा गोळीनेच संपते. वॉशिंग्टन राज्यात अस्वल, कूगर (म्हणजे पहाडी सिंह) आणि लांडगा यांना खाऊ घालणे किंवा अन्न ठेवून आकर्षित करणे कायद्याने मना आहे. हरणे सफरचंदांना येतात आणि हरणांच्या मागे कूगर येतो. तुमच्या शेजारच्या नॉर्थ बेंडजवळ २०१८ च्या मे महिन्यात कूगरने दोन सायकलस्वारांवर हल्ला केला आणि त्यातल्या एकाचा जीव गेला, हे तुमच्या गावात सर्वांना आठवत असेल. ज्या मित्राला आपण भेट देतो असे तुमचे यजमान मानतात, त्याच्या जंगलातल्या इतर प्राण्यांना या भेटीने इजा होते, ही बाजू त्यांच्यासारख्या हळव्या माणसाला पटेल, असे मला वाटते.

दुसरा धोका थंडीचा आहे. २०२४ च्या नाताळात पोर्टलंडचे दोन पुरुष बिगफूटच्या शोधासाठी स्कामेनिया काउंटीतील गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनात गेले, ते परतले नाहीत. तीन दिवसांच्या शोधानंतर दोघांचेही मृतदेह सापडले. अपुऱ्या तयारीने गेल्यामुळे ते गारठून दगावले, असा शेरिफ कार्यालयाचा निष्कर्ष होता. त्यांना कोणत्याही प्राण्याने मारले नव्हते. तुमचे यजमान एकटे जातात, संध्याकाळी जातात आणि बसून वाट पाहतात. पानगळ संपली की त्या डोंगरात भिजलेले कपडे आणि चारनंतरचा अंधार एवढ्यानेही जीव जाऊ शकतो. कुठे जातो आणि किती वाजता परततो हे घरी लिहून ठेवणे, कोरडा जादा कपडा, दिवा आणि फोनचे जाळे नसले तरी चालणारे संदेशयंत्र, यांवर तडजोड करू नका.

मुलीला पाठवावे का, याचे उत्तर वरच्या दोन गोष्टींवर अवलंबून आहे. खाऊ बंद झाला असेल, वेळ सकाळची असेल, वाट खुणा केलेली आणि वर्दळीची असेल, तर तिने बाबांबरोबर अवश्य जावे. अंधार पडताना त्या बुंध्यापाशी बसायला मात्र नको. तिला घरात दोन मते आहेत हे मोकळेपणाने कळू द्या. ‘बाबांना वाटते तो बिगफूट आहे, आईला वाटते तो रानउंदीर किंवा पक्षी असेल, आणि आपण शोधतो आहोत’ एवढे नऊ वर्षांच्या मुलीला नीट समजते. त्यातून तिची बाबांवरची माया कमी होणार नाही. शाळेत मात्र ही गोष्ट कोणाला, किती सांगायची हे तिघांनी आधी ठरवा, कारण मुले निर्दयपणे चिडवतात.

डॉक्टरांकडे जाण्याची वेळ कोणती, हेही सांगून ठेवते. तो प्राणी आपल्याला मनातल्या मनात आज्ञा देतो असे ते म्हणू लागले, झोप आणि जेवण तुटले, कामावर दांड्या पडू लागल्या, पैसा मोठ्या प्रमाणात खर्च होऊ लागला, किंवा तुम्ही आणि मुलगी त्यांना शत्रू वाटू लागलात, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तातडीने भेटा. दर शनिवारी जंगलात जाणे आणि डबाभर खडे जमवणे एवढ्यासाठी कोणाला रुग्ण ठरवू नये.

सासूबाईंविषयीचा तुमचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तुमच्या पत्रातल्या मालवणी बोलण्याच्या उल्लेखाशी तो जोडलेला आहे. वेंगुर्ले तालुक्यात वाढलेल्या माणसाने आरवलीचा वेतोबा पाहिलेला असतो. तिथे केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. दिसत नाही अशा थोर राखणदाराला काही द्यावे आणि त्याची खूण मिळावी, हा व्यवहार तुमच्या यजमानांना लहानपणापासून ओळखीचा आहे. आरवलीत मात्र कोणी झिजलेल्या वहाणा डब्यात तारीखवार ठेवून जगापुढे सिद्ध करायला जात नाही. श्रद्धेला तिथे तशी गरजच पडत नाही. तुमचे यजमान पुरावा गोळा करतात, म्हणून त्यांचा दावा तपासणे योग्य आहे. पण त्यामागची ओढ तपासणीने संपणार नाही आणि ती संपावी असेही मला वाटत नाही. तुम्ही नागपूरच्या, मुलगी इंग्रजीत वाढलेली. त्या घरात मालवणी ऐकणारे कोणी नाही आणि म्हणून ते झाडांशी मालवणीत बोलतात, असे मला तुमच्या पत्रावरून दिसते. ही गोष्ट त्यांना विचारून पाहा, बिगफूटचा विषय न काढता.

सासूबाईंना यजमानांच्या पाठीमागे काही सांगू नका. सांगायचे असेल तर ते स्वतः सांगतील, आणि राखणदाराच्या गावात हयात काढलेल्या त्या माउलीला हे ऐकून तुम्हाला वाटते तेवढा धक्का बसेल, असे मला वाटत नाही. मात्र मुलीचे आजीशी बोलणे आठवड्यातून एकदा ठरवून घडू द्या, आणि त्या वेळी यजमानांनाही जवळ बसवा. तुमच्याकडे शनिवारी रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा वेंगुर्ल्यात रविवारची सकाळ झालेली असते. जंगलातून ते तोपर्यंत घरी परतलेले असलेच पाहिजेत, हेही त्या वेळेमुळे आपोआप ठरून जाईल.